सॅक्सनीच्या इलेक्टरांची चांदीची नाणी: ओळख, काळनिश्चिती आणि पारख

हातात मोठे, जड, चांदीचे एखादे जुने नाणे येते. एका बाजूला चिलखत घातलेला, दाढी राखलेला, खांद्यावर तलवार टेकवलेला पुरुष असतो. दुसऱ्या बाजूला अनेक घरांत विभागलेली ढाल असते आणि कडेने आखूड केलेल्या लॅटिन शब्दांचा लेख फिरतो. बहुतेक जण लगेच तो लेख वाचायला घेतात. या लेखात मी उलटा क्रम सुचवणार आहे: आधी नाणे तोलावे, मग त्याची घनता काढावी (रीत सातव्या पायरीत दिली आहे) आणि त्यानंतरच अक्षरांकडे वळावे. याला कारण आहे. इ. स. १५०० ते १८०६ या तीन शतकांत सॅक्सनीच्या नाण्यांवरचे चेहरे, बिरुदे आणि ढाली जवळजवळ प्रत्येक राज्यकर्त्याबरोबर बदलल्या, परंतु त्यांचे वजन आणि कस फार थोड्या वेळा बदलले, आणि दर वेळी तो बदल लेखी ठरावाने झाला. म्हणून आपल्या पोतदारांच्या पद्धतीने पारख केली, तर अर्ध्याहून अधिक उत्तर तराजूवरच मिळते.

सॅक्सनी हे पवित्र रोमन साम्राज्यातील राज्य होते आणि त्याचा अधिपती हा सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या मोजक्या राजपुत्रांपैकी एक, म्हणजे ‘इलेक्टर’ होता. राज्याच्या दक्षिणेला एर्त्सगेबिर्ग, म्हणजे ‘धातुकाचा डोंगर’ ही रांग आहे. फ्रायबर्गच्या खाणी मध्ययुगापासूनच चालू होत्या. १४७० च्या सुमारास श्नेबेर्ग येथे आणि १४९० च्या दशकाच्या आरंभी आन्नाबेर्ग येथे चांदीच्या नव्या, समृद्ध शिरा सापडल्या. एवढी चांदी हाताशी असलेल्या राज्याला सोन्याच्या गुल्डनच्या किमतीचे चांदीचे नाणे पाडणे शक्य झाले. टिरोलमध्ये १४८६ साली तसा प्रयोग झालाच होता. सॅक्सनीने १५०० पासून ते नाणे मोठ्या प्रमाणावर आणि नियमितपणे पाडले. त्याला गुल्डनग्रोशन म्हणत. शेजारच्या बोहेमियात, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर योआखिम्सटाल येथे श्लिक घराण्याने १५२० पासून पाडलेल्या अशाच नाण्यांना गावाच्या नावावरून ‘टालर’ हे नाव मिळाले, आणि पुढे तेच नाव साऱ्या जातीला चिकटले. ‘डॉलर’ हा शब्दही त्याच गावातून आला आहे.

साहित्य

साहित्य फार लागत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू, दहापट मोठे दाखवणारे भिंग, प्लास्टिकचा व्हर्नियर मापक (लोखंडी मापकाने कडेला चरे पडतात), बारीक सुती किंवा नायलॉनचा दोरा, काचेचा पेला आणि ऊर्ध्वपातित पाणी एवढे पुरेसे आहे. सराफाकडचा तराजू उत्तम, मात्र आपल्यासमोर शून्यावर आणून घ्यावा. नाणे नेहमी कडेला धरावे. चांदीवर उमटलेला बोटाचा ठसा काही महिन्यांत काळा पडतो आणि मग निघत नाही.

पहिली पायरी: कोलोन मार्क समजून घेणे

जर्मन टांकसाळींचे सगळे हिशेब ‘मार्क’ या वजनात चालत. सॅक्सनीच्या ठरावांतला मार्क हा कोलोन शहराचा असून त्याचे आजचे मान २३३.८५६ ग्रॅम धरतात, म्हणजे जवळपास वीस तोळे. कस सांगताना मार्कचे १६ लोट आणि प्रत्येक लोटचे १८ ग्रेन, असे एकूण २८८ ग्रेन मानत. पूर्ण शुद्ध चांदी १६ लोटची असते. आपल्याकडे सोन्याचा कस जसा २४ कॅरटांत सांगतात, तशीच ही पद्धत आहे, फक्त आकडा निराळा आहे.

नाण्याबाबतचा कोणताही ठराव दोन गोष्टी सांगतो: मिश्रधातूच्या एका मार्कातून किती नाणी पाडायची, आणि त्या मिश्रधातूचा कस किती. पहिल्यावरून नाण्याचे एकूण वजन मिळते आणि दोन्ही मिळून त्यातली शुद्ध चांदी कळते. १५६६ साली आउग्सबुर्ग येथे साम्राज्याने संमत केलेल्या प्रमाणाचे उदाहरण घेऊ. १४ लोट ४ ग्रेन कसाच्या एका मार्कातून ८ टालर पाडायचे होते. २३३.८५६ ला ८ ने भागल्यास २९.२३ ग्रॅम येतात, आणि हे टालरचे एकूण वजन झाले. १४ लोट ४ ग्रेन म्हणजे २५२ अधिक ४, असे २५६ ग्रेन. २८८ पैकी २५६ म्हणजे हजारात ८८८.९ भाग चांदी. म्हणून एका टालरमध्ये २५.९८ ग्रॅम शुद्ध चांदी असते, आणि शुद्ध चांदीच्या एका मार्कातून बरोबर ९ टालर निघतात. हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून पाहावा, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

दुसरी पायरी: तोलणे, आणि वजनावरून काळ ठरवणे

नाणे तीन वेळा तोलून सरासरी घ्यावी. जवळ जवळ अडीच तोळ्यांचे, म्हणजे २९ ग्रॅमच्या आसपासचे नाणे असेल तर ते १५०० ते १७६३ या लांब पट्ट्यातले आहे. २८ ग्रॅमचे असेल तर ते बहुधा १७६३ नंतरचे आहे. झिजेमुळे दोन-तीन दशांश ग्रॅम कमी भरणे स्वाभाविक आहे. एक ग्रॅमहून अधिक तूट असेल तर कड कातरली आहे, पूर्वी जोडलेली कडी काढून टाकली आहे किंवा नाणेच बनावट आहे, या तिन्ही शक्यता तपासाव्यात. नाणे ठरलेल्या वजनापेक्षा स्पष्टपणे जास्त भरत असेल, तर मात्र शंकेला अधिक जागा आहे, कारण टांकसाळ चांदी फुकट देत नसे. दुप्पट वजनाचे दुहेरी टालरही पाडले जात, हे मात्र ध्यानात असावे.

आता पट्ट्याच्या आत उतरू. १५०० चा गुल्डनग्रोशनही एका मार्कातून ८ या दरानेच पाडला, पण त्याचा कस १५ लोट, म्हणजे हजारात ९३७.५ होता. त्यामुळे एकूण वजन तेच २९.२३ ग्रॅम, पण शुद्ध चांदी २७.४० ग्रॅम होती. त्याची किंमत एका ऱ्हेनिश सुवर्ण गुल्डनइतकी, म्हणजे २१ ग्रोशन (चांदीची छोटी नाणी) ठरवली होती. पुढे कस थोडा थोडा उतरत गेला. १५७१ मध्ये इलेक्टर आउगुस्टने साम्राज्याचे १५६६ चे प्रमाण स्वीकारल्यावर तो ८८८.९ वर स्थिरावला, आणि आश्चर्य वाटावे इतका काळ तिथेच राहिला. तीस वर्षांचे युद्ध होऊन गेले, खजिने रिकामे झाले, तरी खरा राइशटालर, म्हणजे साम्राज्याच्या प्रमाणाचा टालर, ‘शुद्ध मार्काला ९’ याच हिशेबाने पडत राहिला. माझ्या दृष्टीने सॅक्सन नाण्यांचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य हेच आहे. मोठे नाणे हे राज्याच्या पतीचे प्रतीक मानले गेले आणि काटकसर करायची ती छोट्या नाण्यांत केली गेली.

शेवटचा मोठा बदल १७६३ चा आहे. सात वर्षांच्या युद्धानंतर सॅक्सनीने ‘कन्व्हेन्शन’ प्रमाण घेतले. ते मुळात ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया यांनी १७५३ साली आपसांत ठरवले होते. त्यानुसार शुद्ध मार्काला १० टालर, कस हजारात ८३३.३, एकूण वजन २८.०६ ग्रॅम आणि शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅम असे मान आहे. या काळातली नाणी स्वतःच आपला हिशेब सांगतात. टालरवर ‘एक्स आइने फाइने मार्क’, म्हणजे ‘दहांचा एक शुद्ध मार्क’ असे लिहिलेले असते. त्याच्या अर्ध्यावर रोमन वीस, तर पाव भागावर रोमन चाळीस हा आकडा येतो; हिशेबाच्या २४ ग्रोशनच्या टालरच्या मानाने ती दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश टालरची नाणी आहेत. नाण्यावरच प्रमाण छापण्याइतका विश्वास युद्धकाळातल्या फसवणुकीनंतर पुन्हा मिळवावा लागला होता. ती फसवणूक पुढे सांगतो.

तिसरी पायरी: मूल्य ओळखणे

सॅक्सनीत हिशेबाचा टालर २४ ग्रोशनचा आणि ग्रोशन १२ फेनिगचा होता, म्हणजे एका टालरचे २८८ फेनिग. १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात हिशेबाचा टालर आणि हातातला टालर एकच होते. सतराव्या शतकात छोट्या नाण्यांचा कस घसरला, आणि हातातला जड टालर २४ पेक्षा जास्त ग्रोशनला जाऊ लागला. इथे नवा अभ्यासक हमखास गोंधळतो.

हा पेच सोडवण्यासाठी सॅक्सनी आणि ब्रांडेनबुर्ग यांनी १६६७ मध्ये झिना येथे करार केला. व्यवहारातली नाणी शुद्ध मार्काला साडेदहा टालर या हिशेबाने पाडायची, आणि त्यांतले मुख्य नाणे दोन तृतीयांश टालरचे, म्हणजे १६ ग्रोशनचे असावे, असे ठरले. तेही टिकले नाही. १६९० मध्ये लाइपझिग येथे शुद्ध मार्काला १२ टालर हे प्रमाण ठरले आणि पुढे ते जर्मनीच्या बऱ्याच भागात मान्य झाले. या दोन्ही प्रमाणांत जुन्या जड टालरची किंमत किती, हे आपण स्वतः काढू शकतो. साडेदहा टालरचे २५२ ग्रोशन होतात. त्याला ९ ने भागले की २८ ग्रोशन. बारा टालरचे २८८ ग्रोशन. त्याला ९ ने भागले की ३२ ग्रोशन. म्हणजे १६६७ नंतर जड टालर २८ ग्रोशनचा आणि १६९० नंतर ३२ ग्रोशनचा झाला, तोही त्याच्यातली चांदी एका गुंजेने न बदलता.

म्हणून १६६७ ते १७६३ या काळातले नाणे हाती आले तर प्रथम अंडाकृती चौकटीत २/३, १/३ किंवा १/६ असा अपूर्णांक आहे का ते पाहावे. असल्यास ते व्यवहाराचे नाणे आहे. १६९० नंतरच्या सॅक्सन दोन तृतीयांश नाण्याचे वजन सुमारे १७.३ ग्रॅम आणि कस १२ लोट, म्हणजे हजारात ७५० असतो. शुद्ध चांदी १२.९९ ग्रॅम भरते. २९ ग्रॅमचे आणि अपूर्णांक नसलेले नाणे मात्र जुन्या प्रमाणाचा पूर्ण टालर आहे. विक्रेते या दोन्हींना सरसकट ‘टालर’ म्हणतात आणि किमतीत त्यामुळे मोठा फरक पडतो.

चौथी पायरी: राज्यकर्ता आणि बिरुदे

आता लेख वाचावा. सुरुवात बहुधा वरच्या बाजूने होते आणि घड्याळाच्या दिशेने वाचत जायचे असते. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ आणि ‘जे’च्या जागी ‘आय’ कोरलेला असतो, म्हणून ‘योहान’ हे नाव ‘आय’ने सुरू होते. नावानंतरची ‘डी जी’ ही दोन अक्षरे ‘देई ग्रातिया’, म्हणजे ‘ईश्वरकृपेने’ या शब्दांची आहेत. पुढचे शब्द तोडून लिहिलेले असले तरी ‘साक्रि रोमानि इम्पेरि आर्चिमार्शाल्कुस एत एलेक्टोर’, म्हणजे ‘पवित्र रोमन साम्राज्याचा महामार्शल आणि इलेक्टर’ हे बिरुद सापडले, तर नाणे सॅक्सनीच्या इलेक्टरचेच आहे.

हे बिरुद शोधणे अत्यावश्यक आहे, कारण ‘सॅक्सनी’ या नावाखाली अनेक राज्ये नाणी पाडत होती. १४८५ मध्ये सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या वेटिन घराण्याचे एर्नेस्टाइन आणि आल्बर्टाइन असे दोन भाग झाले. इलेक्टरपद आधी एर्नेस्टाइन शाखेकडे होते. १५४७ साली म्यूलबेर्गच्या लढाईत त्या शाखेचा पराभव झाला आणि पद आल्बर्टाइन शाखेच्या मोरिट्झकडे गेले. त्यानंतर एर्नेस्टाइन वंशज वायमार, गोथा, आल्टेनबुर्ग अशा लहान लहान राज्यांत वाटले गेले, आणि त्यांच्याही टालरांवर ‘दुक्स साक्सोनिए’, म्हणजे ‘सॅक्सनीचा ड्यूक’ असेच लिहिलेले असते. वायमारच्या आठ भावांचा प्रसिद्ध टालर बाजारात ‘सॅक्सनी’ या एवढ्याच नावाने विकला जातो. तो सुंदर आहे, पण इलेक्टरचा नाही.

राज्यकर्त्यांचा क्रम जवळ असावा. आउगुस्ट १५५३ ते १५८६, ख्रिस्टियान पहिला १५९१ पर्यंत, ख्रिस्टियान दुसरा १६११ पर्यंत, आणि मग योहान गेओर्ग नावाचे लागोपाठ चार: पहिला १६५६ पर्यंत, दुसरा १६८० पर्यंत, तिसरा १६९१ पर्यंत आणि चौथा १६९४ पर्यंत. नंतर फ्रीडरिश आउगुस्ट पहिला १७३३ पर्यंत आणि त्याच नावाचा दुसरा १७६३ पर्यंत. फ्रीडरिश ख्रिस्टियानने १७६३ च्या शेवटी अवघे ७४ दिवस राज्य केले, त्यामुळे त्याची नाणी एकाच वर्षाची आहेत. पुढे फ्रीडरिश आउगुस्ट तिसरा १८०६ मध्ये राजा झाला आणि इलेक्टरपद संपले.

साल अस्पष्ट असेल तर बिरुदे मदतीला येतात. १६०९ मध्ये यूलिश, क्लेव्ह आणि बेर्ग या प्रदेशांचा ड्यूक निर्वंश वारला. सॅक्सनीने त्या गादीवर हक्क सांगितला आणि प्रत्यक्ष प्रदेश न मिळताही त्यांची नावे नाण्यांवर घातली. ती दिसली की नाणे १६०९ नंतरचे. ‘रेक्स पोल’, म्हणजे ‘पोलंडचा राजा’ हे शब्द दिसले की ते १६९७ नंतरचे, कारण त्या वर्षी फ्रीडरिश आउगुस्ट पहिला पोलंडच्या गादीवर निवडून आला. अशा नाण्यांवर ढालही बदलते. पोलंडचा गरुड आणि लिथुएनियाचा घोडेस्वार तिच्यात येतात.

ढालीत दोन चिन्हे कायम शोधावीत. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी हे महामार्शलपदाचे, म्हणून इलेक्टरपदाचे चिन्ह आहे. आडव्या पट्ट्यांवरून तिरकी गेलेली, पानांच्या मुकुटासारखी दिसणारी कमान हे सॅक्सनी या ड्यूकप्रदेशाचे चिन्ह आहे. माइसन येथील चिनी मातीच्या भांड्यांखालच्या निळ्या तलवारी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना पहिले चिन्ह लगेच ओळखता येईल. त्या तिथूनच घेतलेल्या आहेत.

पाचवी पायरी: टांकसाळ आणि टांकसाळ-अधिकारी

१५५६ मध्ये इलेक्टर आउगुस्टने डोंगरी गावांतल्या टांकसाळी बंद करून सगळे काम ड्रेस्डेनला, आपल्या नजरेखाली आणले. त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक नाण्यांची टांकसाळ शोधावी लागत नाही. शोधायची असतात ती टांकसाळ-अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे. कस कमी निघाला तर जबाबदारी त्याची, म्हणून ती अक्षरे हमीपत्रासारखी आहेत. ती बहुधा ढालीच्या दोन्ही बाजूंना, सालाजवळ किंवा लेखाच्या शेवटी असतात.

‘एच बी’ म्हणजे हान्स बीनर, १५५६ ते १६०४. जवळजवळ अर्धे शतक एकाच माणसाची अक्षरे चालली. ‘एच आर’ म्हणजे हाइनरिश फॉन रेनन, बीनरनंतर १६२४ पर्यंत. ‘सी आर’ म्हणजे कॉन्स्टान्टिन रोटे, १६४० ते १६७८. ‘आय एल एच’ म्हणजे योहान लोरेन्झ होलांड, १६९८ ते १७१६. ‘आय जी एस’ म्हणजे योहान गेओर्ग शोमबुर्ग, १७१६ ते १७३४. ‘एफ डब्ल्यू ओ एफ’ म्हणजे फ्रीडरिश विल्हेल्म ओ’फेराल, १७३४ ते १७६३. ‘ई पी एच’ दिसल्यास नाणे लाइपझिगचे आहे. तो एर्न्स्ट पेटर हेख्ट, १६९३ ते १७१४. सालाचा शेवटचा आकडा झिजलेला असेल, तर अधिकाऱ्याची कारकीर्द आणि राज्यकर्त्याची कारकीर्द यांचा छेद घेऊन काळ कमी करता येतो. अक्षरे आणि साल जुळत नसतील, तर नाणे बाजूला ठेवून नव्याने तपासणी करावी.

सहावी पायरी: दोन वाईट काळ

या राज्याच्या इतिहासात दोनदा नाणे मोठ्या प्रमाणावर हिणकस झाले, आणि दोन्ही वेळा कारण युद्धाचा खर्च हेच होते.

पहिला काळ साधारण १६२० ते १६२३ चा. जर्मन भाषेत त्याला ‘किपर उंड विपर’ म्हणतात. ही नावे तराजूच्या पारड्याच्या हेलकाव्यावरून आणि जड नाणी निवडून काढण्याच्या प्रथेवरून आली. चांगली नाणी वेचून वितळवायची आणि त्याच चांदीत तांबे मिसळून अधिक नाणी पाडायची, हा धंदा आधी लहान राज्यांनी सुरू केला. मग सॅक्सनीसारखे चांदीचे राज्यही त्यात उतरले, आणि आउगुस्टने जे एकत्र आणले होते ते विस्कटून ड्रेस्डेनबाहेर पुन्हा अनेक गावांत टांकसाळी उघडल्या. मजुराला हलक्या नाण्यांत मजुरी मिळे आणि धान्य विकणारा ती नाणी भारी बट्ट्याशिवाय घेत नसे. त्यातली हानी कोणी सोसली, हे उघड आहे. १६२३ मध्ये जुने प्रमाण परत आणले गेले आणि हलकी नाणी बाद झाली.

ओळखीची खूण अशी की या काळातल्या सॅक्सन मोठ्या नाण्यांवर ४० किंवा ६० ग्रोशन असे फुगवलेले मूल्य आढळते. खऱ्या टालरवर ग्रोशनचा आकडा नसतो. घनताही कमी भरते आणि उंचवट्यांवरून तांब्याची लाली डोकावते. अशी नाणी टाकाऊ समजू नयेत. त्या आपत्तीचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

दुसरा काळ १७५६ ते १७६३ चा. प्रशियाच्या फ्रीडरिश दुसऱ्याने १७५६ मध्ये सॅक्सनी व्यापली आणि लाइपझिगची टांकसाळ मक्त्याने चालवायला दिली. तिथे सॅक्सन-पोलिश राजाच्याच ठशांनी, युद्धापूर्वीचे १७५३ हे साल घालून, एक तृतीयांश टालरची म्हणजे ८ ग्रोशनची हिणकस नाणी पाडली गेली. युद्ध लांबले तसा कस घसरत गेला. लोकांनी मक्तेदार एफ्राइम याच्या नावावरून त्यांना ‘एफ्राइमिटन’ म्हटले. हे नाव अन्यायाचे आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. हुकूम राजाचा होता, नफ्याचा मोठा वाटा त्याच्या युद्धखजिन्यात गेला, आणि बदनामी मात्र ज्यू मक्तेदारांच्या वाट्याला आली. संग्राहकासाठी नियम साधा आहे: १७५३ सालचे सॅक्सन एक तृतीयांश टालर कधीही केवळ सालावरून स्वीकारू नये.

स्मारक टालरांविषयी थोडक्यात सांगतो. सम्राट वारल्यावर नवा निवडला जाईपर्यंत सॅक्सन कायद्याच्या प्रदेशांत इलेक्टर हा साम्राज्याचा प्रतिपालक असे. त्या निमित्ताने १६१२, १६१९, १६५७, १७११ आणि १७४० नंतरही खास टालर निघाले. १६१७ मध्ये मार्टिन लूथरच्या ख्रिस्ती धर्मसुधारणेची आणि १६३० मध्ये आउग्सबुर्गच्या धर्मनिवेदनाची शताब्दी नाण्यांवर साजरी झाली. १७६३ नंतरच्या काही कन्व्हेन्शन टालरांवर ‘खाणकामाचा आशीर्वाद’ या अर्थाचा जर्मन लेख आहे, आणि त्यांतली चांदी एर्त्सगेबिर्गच्या खाणींची आहे. ही नाणी लोकप्रिय असल्याने त्यांच्या नकलाही अधिक आहेत.

सातवी पायरी: घनता आणि बनावट नाणी

पाण्याचा पेला तराजूवर ठेवून तराजू शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याने बांधून, तळाला आणि बाजूंना न लागता, पूर्ण बुडेल असे पाण्यात धरावे. तराजू जो आकडा दाखवील तो नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन आहे. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. समजा, कोरडे वजन २९.०० ग्रॅम आणि पाण्याचा आकडा २.८२ आला, तर घनता १०.२८ झाली. ८८८.९ कसाच्या चांदी-तांब्याच्या मिश्रणाची घनता साधारण १०.३० येते. ९३७.५ कसाची १०.३८, ८३३.३ ची १०.२० आणि ७५० ची १०.०६ येते. नाण्याला चिकटलेला एक लहान बुडबुडाही आकडा खाली ओढतो आणि ०.०१ ग्रॅमच्या चुकीने घनता सुमारे ०.०४ ने हलते. त्यामुळे या चाचणीने शेजारच्या दोन प्रमाणांत निवाडा करू नये. मात्र मुलामा दिलेले पितळ किंवा कथलाचे ओतीव नाणे ती ताबडतोब उघडे पाडते, कारण त्यांची घनता ९ च्याही खाली असते.

त्यानंतर भिंग घ्यावे. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि पार्श्वभूमीतून एकदम उठतात. ओतीव नकलेत त्या साबणासारख्या गोलसर असतात, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे दिसतात आणि कडेला साच्याची शिवण किंवा ती घासल्याची खूण राहते. सपाट भागावर समांतर कानशीचे चरे दिसले तर घाबरू नये. चकती जड निघाल्यास छापण्यापूर्वी ती घासून वजन बरोबर करीत. असे चरे चित्राच्या खालून जातात. नंतर पडलेला ओरखडा चित्राच्या वरून जातो.

कडेवर, घड्याळात जिथे बारा असतात त्या ठिकाणी, डाग, सपाटी किंवा वेगळी चमक दिसल्यास तिथे कधीतरी कडी जोडली होती. पुतळ्यांच्या माळेसाठी आपल्याकडे सोन्याच्या नाण्यांना कड्या लावत, तसेच तिकडेही टालर गळ्यात घालत. हा दोष बनावटपणाचा नाही, पण किंमत त्याने निश्चित उतरते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना आहे. जुन्या बाजारात २८.०६ ग्रॅमचा, भरदार स्त्रीची प्रतिमा आणि १७८० हे साल असलेला टालर भेटतो. तो सॅक्सन नाही. तो ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा आहे, कन्व्हेन्शन प्रमाणाचाच असल्याने वजन जुळते. तांबड्या समुद्राच्या व्यापारासाठी तो तेच साल ठेवून पुढेही पाडत राहिले, आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी तर मुंबईच्या टांकसाळीतही तो पाडला गेला.

आठवी पायरी: जपणूक आणि नोंद

देवघरातली चांदी आपण चिंच, रांगोळी किंवा दंतमंजन लावून लखलखीत करतो. नाण्यावर यांपैकी काहीही लावू नये. काळसर झाक हा त्याचा जुना, स्थिर थर असतो, आणि तो खरवडला की कोरीव कामाचा बारकावाही त्याच्याबरोबर जातो. धूळ असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून, न घासता, मऊ सुती कापडावर टिपून घ्यावे. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतून हिरवट चिकट थर चढतो, म्हणून ती टाळावीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी वाळवावी. रबर, लोकर आणि ताज्या लाकडाचे कप्पे चांदीपासून दूर असावेत.

भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून नाणे आणणाऱ्यांनी खरेदीची पावती आणि आयातीचे कागद नाण्याबरोबरच जपून ठेवावेत.

नोंद करताना मोजलेले आधी आणि ठरवलेले नंतर लिहावे, म्हणजे अनुमान चुकले तरी मोजमाप उपयोगी राहते. तुलनेसाठी ड्रेस्डेनच्या राजवाड्यातल्या नाणेसंग्रहाची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. त्या संग्रहाची सुरुवात सोळाव्या शतकातल्या सॅक्सन ड्यूकांच्या काळात झाली आहे. नमुन्यादाखल एक नोंद देतो: ‘वजन २८.९५ ग्रॅम, घनता १०.२७, अपूर्णांक किंवा ग्रोशनचा आकडा नाही. पुढे तलवार धरलेला एकटा तरुण, महामार्शल आणि इलेक्टर हे बिरुद. मागे समोरासमोर दोन तरुण, भाऊ आणि ड्यूक असा उल्लेख. साल १६०३, अक्षरे एच बी. यूलिश आणि क्लेव्ह यांची नावे नाहीत, ते सालाशी सुसंगत. प्रमाण १५६६ चे, शुद्ध मार्काला ९. निर्णय: ख्रिस्टियान दुसरा, योहान गेओर्ग आणि आउगुस्ट या तीन भावांचा टालर, टांकसाळ ड्रेस्डेन, अधिकारी हान्स बीनर. वरच्या कडेला कडीची खूण.’